लेकीला आणायला लोणीपलीकडे

आमच्या नारायण पेठेतली निम्मी माणसं काशी-रामेश्वराच्या गोष्टी तोंडपाठ सांगतात आणि स्वतः कधी हडपसरच्या पुढे गेलेली नसतात. मी परत आल्यापासून जो तो विचारतो, काय हो शास्त्रीबुवा, लोणीपलीकडे पाहण्यासारखं आहे तरी काय? तर जोंधळा आहे. एवढ्यावर ज्याचं समाधान होणार नाही त्याने पुढे वाचू नये, आपला वेळ देवदर्शनाला लावावा.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे मागून कुणी कुजबुजायला नको. माझे वडील आचारी. मोठमोठ्या पंक्तींचा भात त्यांच्या हातून उतरायचा आणि शेवटच्या पानापर्यंत शीत न् शीत मोकळं राहायचं. आजोबा लोकांच्या घरी पाणी भरत. मी माधुकरी मागून व्याकरण शिकलो, श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळी पंडितांपुढे बसून परीक्षा दिली आणि खांद्यावर शालजोडी घेऊन घरी आलो. आमच्या घराण्यात पोथी उघडून तिचा अर्थ सांगणारा मी पहिला. अभिमान आहे म्हणून सांगतो आहे.

शालजोडी आली त्याच वर्षी बायको तापाने गेली. मुलगी ठकी तेव्हा नुकती चालायला लागली होती. बायकोचे भाऊ केसोपंत लोणीच्या पुढच्या एका गावचे जोशी. ते आले आणि पोरीला कडेवर घेऊन गेले. मी एकटा राहिलो. तेव्हापासून मी स्वयंपाकी झालो, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं अन्न खायचं नाही, सोवळ्यात आपण रांधायचं आणि आपणच जेवायचं. पेठेत या व्रताचं कौतुक झालं. खरं सांगायचं तर ज्या हातचं खायचं ते हात राहिले नव्हते, म्हणून ते जड गेलं नाही.

आता ठकीला सातवं वर्ष लागलं. पोरी आठव्या-नवव्या वर्षी सासरी जातात. ती उद्या लग्न होऊन गेली म्हणजे माझ्या घरात तिचं कळतं असं एकही वर्ष झालं नाही, असं होणार. तिची दोन वर्षं तरी मला हवी होती. म्हणून मी निघालो.

हडपसरपर्यंत

रथसप्तमी होऊन थंडीचा काटा मोडला होता. एका बोचक्यात तपेली, पळी, तांदूळ, डाळ, तुपाची लोटी आणि सोवळ्यात नेसायचा रेशमी मुकटा. दुसऱ्यात लेकीसाठी खणाचा तुकडा. मंडईपाशी हडपसरचा एक माळी भाजी उतरवून रिकामी गाडी घेऊन परत चालला होता. सखाराम त्याचं नाव. त्याने बसवून घेतलं. गाडी रिकामी होती तरी मेथीच्या आणि मुळ्याच्या वासाने भरलेली होती, आणि खरं सांगतो, शहरातल्या उदबत्तीपेक्षा तो वास बरा वाटला.

पूर्वेची वेस मागे पडली तसा सखाराम बोलायला लागला. मी काय करतो हे त्याने विचारलं. व्याकरण शिकवतो म्हणालो. 

"त्येनं काय हुतं, म्हाराज?"

"बोलणं शुद्ध होतं."

त्याने बैलाची शेपटी पिरगाळून काहीतरी म्हटलं, बैल पळायला लागला. "आमचं बैलाला बी कळतंय," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता, पण सकाळ फार चांगली होती. दोन्ही बाजूंना बागा, पाटाचं पाणी वळणं घेत चाललेलं, वांग्याच्या वाफ्यात बायका ओणव्या. पुण्यात पाणी हौदातून शेंदायचं आणि शेंदताना कोण कुणाला शिवलं यावरून भांडायचं. इथं ते सगळ्यांच्या पायांवरून वाहत होतं.

लेकीला आणायला चाललोय म्हटल्यावर सखारामने विचारलं की तिला काय नेताय. मी खण दाखवला. हडपसरला गाडी सोडल्यावर त्याने आपल्या झाडाचे सहा-सात पेरू तोडून माझ्या उपरण्यात बांधले. कापड मोठ्यांना आवडतं म्हणाला.

लोणी

हडपसरपासून पुढे पायी. बागा संपतात आणि काळी जमीन सुरू होते. पुण्याच्या माणसाला इतकं सपाट पाहायची सवय नसते. आपल्याकडे मान वर केली की पर्वती दिसते, सिंहगड दिसतो, काहीतरी आडवं येतं. इथं जोंधळा आणि आभाळ, मध्ये काही नाही. कणसं भरून एका अंगाला कललेली. वारा आला की सगळं शेत मिळून एकदम सळसळतं आणि एकदम गप्प होतं. चालता चालता मी मोठ्याने श्लोक म्हणून पाहिला. आवाज कुठेच आपटला नाही, त्यामुळे म्हटल्यासारखा वाटेना. मग म्हणायचं सोडून दिलं.

मुक्काम लोणीला देवळाच्या ओवरीत केला. आंघोळ करून मुकटा नेसलो, तीन दगडांची चूल मांडली, भात शिजत घातला. भात उतरवून डाळीला फोडणी द्यायला वळलो, तेवढ्यात एक काळं कुत्रं मागून आलं आणि तपेलीला नाक लावून गेलं. खाल्लं काहीच नाही. हुंगलं आणि पसंत नसल्यासारखं निघून गेलं. पण भात गेला तो गेलाच. मी तो त्याच्याचपुढे नेऊन ठेवला, तर त्याने दुसऱ्यांदा हुंगूनही पाहिलं नाही.

समोर देवळाच्या पटांगणात बाजाराहून परतणारं एक कुणब्याचं कुटुंब उतरलं होतं. त्यांनी भाकरी सोडल्या, कांदा फोडला आणि सगळे एकाच फडक्याभोवती बसले. कोण कुणाचं खातोय ते कळत नव्हतं. एक पोर आजीच्या हातातला तुकडा ओढत होतं, आजी त्याला शिव्या देत तोच तुकडा भरवत होती. मी चूल विझवून नुसती डाळ खात होतो. ती म्हातारी मागून लाकडं द्यायला आली, हवी असली तर पुन्हा शिजवा म्हणाली. मी नको म्हटलं. ती तशीच लांब उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"येकट्यानं जेवल्यालं अंगी लागत न्हाई, बाबा," ती म्हणाली. "बारीक झालाईसा."

तिने मला आधी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा बारीक झालो हे तिला कसं कळलं, असा प्रश्न मनात आला. पण व्याकरणाने सुटणारा तो नव्हता.

पुण्याचे आले

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा गावात पोचलो. नदी गावाला वळसा घालून जाते, काठाला चिंचेची झाडं, चिंचांखाली गुरं. केसोपंतांचं घर लहान, मातीचं, पुढे अंगण आणि बाजूला गोठा. अंगणात एक मुलगी खाली बसून वासराच्या कानामागून गोचिड्या काढत होती. परकर गुडघ्यांपर्यंत खोचलेला, केस तेलावाचून पिंगट झालेले. तिने मला पाहिलं, उठली आणि आत ओरडली, "मामी, पुण्याचे आले."

ही माझी लेक. नाक तिच्या आईचं होतं. मी एवढंच पाहिलं आणि ती घरामागे पळाली.

केसोपंतांनी पाय धुवायला पाणी दिलं, प्रवास विचारला. ते साधे गृहस्थ. पंचांग सांगतात, जमीन वाट्याने लावतात, कुणाशी वाकडं नाही. त्यांची बायको, मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मात्र तिखट. जावई माणूस इतक्या वर्षांनी आला म्हणून त्यांनी पुरण शिजवलं होतं. मला कुणी व्रताचं विचारलं नव्हतं आणि मीही कळवलं नव्हतं. मी स्वयंपाकी आहे म्हटल्यावर त्या क्षणभर हातातल्या पुरणाच्या गोळ्याकडे पाहत राहिल्या.

"पुण्यात विद्या फार," त्या म्हणाल्या. "म्हणून जेवण कमी."

केसोपंत खोकले. मी बोचकं घेऊन पडवीत गेलो आणि तिथं चूल मांडली. आतून पोळीचा आणि तुपाचा वास येत होता, ठकीचं हसणं येत होतं, मामा तिला काहीतरी चिडवत होते. मी माझी आमटी केली. वडील फोडणीत मेथीचे दाणे काळे व्हायच्या आत चिंच ओतायचे. मीही तसंच करतो. त्या वासाने एक डोळा खांबाआडून डोकावला. मी वर पाहिलं की तो नाहीसा व्हायचा, पळी हलवायला लागलो की परत यायचा.

संध्याकाळी मी तिला पेरू दिले. तिने आधी मामीकडे पाहिलं, मग घेतले. कुणी दिले म्हणून विचारलं. हडपसरच्या सखाराम माळ्याने, असं मी खरं ते सांगून टाकलं. ते सांगायला नको होतं. पुढे दोन दिवस ती जेव्हा माझ्याशी बोलली तेव्हा माळ्याबद्दलच बोलली: त्याच्याकडे झाडं किती, बैल कसे, तो पुन्हा केव्हा भेटणार. खण तिने मामीच्या हातात नेऊन दिला.

त्या रात्री निघण्याचा मुहूर्त ठरला. केसोपंतांच्या पंचांगाप्रमाणे चौथ्या दिवशी सकाळ चांगली होती, माझ्या मते दुपार. आम्ही बराच वेळ वाद घातला आणि मी जिंकलो. वहिनींनी आतून विचारलं की दुपारी निघून पोर लोणीला काळोखात पोचली तर मुहूर्ताला चालेल का. मग सकाळच ठरली.

पडवी

दुसऱ्या दिवसाचं सांगायला हवं.

सकाळी नदीवर आंघोळ केली. पाणी इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती, आणि लहान मासे येऊन घोट्यांना टोचत होते. आमच्याकडे घाटावर जागेसाठी ताटकळावं लागतं. इथं सगळी नदी माझी. तिचं काय करायचं ते मला कळेना. संध्या आटपून परत आलो, मुकटा नेसलो, चूल पेटवली. 

हे आधी सांगायला हवं होतं की सोवळ्याला उघड्या पोराची हरकत नसते. ठकी रांगत होती तेव्हा अंगावर चिंधीही नसायची. मी मुकटा नेसून पानावर बसलो की ती येऊन मांडीवर चढायची, भातात हात घालायची, आणि शास्त्र काही म्हणत नसे. तिची आई म्हणायची, चढू द्या, एकदा परकर नेसायला लागली की शिवायचं बंद. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती उघडीच रांगत होती.

तर भात उतरवत होतो. अंगणातून पावलं वाजली. ठकी शेतातून धावत आली होती, परकराच्या ओच्यात ओला हरभरा गच्च भरलेला. कुणी पाठवली नव्हती. आपण होऊन आली होती. पडवीची पायरी चढली, माझ्यासमोर आली आणि तो ओचा माझ्या मांडीवर रिकामा करायला वाकली.

"लांब!" मी म्हणालो. "शिवशील!"

आणि मागे सरकलो. विचार करून नाही सरकलो. जीभ आणि अंग दोन्ही आपापलं काम करून मोकळी झाली.

ती जागच्या जागी थांबली. रडली नाही. ओच्यातून थोडे घाटे जमिनीवर सांडले होते ते एकेक करून वेचले, पायरी उतरली आणि सगळा हरभरा गोठ्यात गाईपुढे टाकला. गाईने तो मोठ्या आवडीने खाल्ला.

मला कुणी शिवलं नव्हतं, अन्न शुद्ध होतं. मी जेवलो. आमटी उत्तम झाली होती, मीठही बेताचं होतं. वाटीत उरली ती कुणाला वाढायची म्हणून इकडे तिकडे पाहिलं आणि मग पिऊन टाकली.

माळ्यावर

तिसऱ्या दिवशी आंघोळ झाली, पण मुकटा नेसलो नाही. साधं धोतर नेसून शेताकडे गेलो. उपवास आहे का म्हणून केसोपंतांनी विचारलं. मी हो म्हणालो, कुठला ते सांगितलं नाही. 

केसोपंतांची जमीन रखमा आणि तिचा नवरा वाट्याने करतात. नवरा मोट हाकत होता. मोट वर येऊन पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात पडतं तेव्हा एक आवाज होतो, भरल्या पोटाने कुणी हुश्श म्हणावं तसा, आणि लगेच बैल उलट्या पावली मागे यायला लागतात. मी बराच वेळ ते ऐकत बसलो. पाठशाळेत मुलं सूत्रं घोकतात तेव्हा अशीच लय असते, पण शेवटी पाणी येत नाही.

शेताच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधलेला, पाखरं राखायला. वर ठकी. हातात गोफण. ती गोफण डोक्यावरून दोनदा फिरवायची आणि सोडायची; दोरी चाबकासारखी वाजायची, दगड जोंधळ्यावरून गुणगुणत जायचा आणि पलीकडून पाखरांचा थवा उठायचा. तिच्या तोंडून एक लांब हाळी निघायची, ती थेट नदीपलीकडे जायची. माझा श्लोक त्या दिवशी रानात मेला होता. हिचा आवाज बरोबर पोचत होता.

रखमाने खाली गोवऱ्यांची आगटी केली होती. कणसं निखाऱ्यात खुपसायची, फुटायला लागली की काढायची आणि हातावर चोळायची. हिरवे गरम दाणे ओंजळीत पडतात. त्याबरोबर लसणाचं तिखट. ठकी वरून रखमाला म्हणाली की त्यांना चालतं का विचार. रखमाने मला विचारलं. भाजलेल्या धान्याला पाणी लागलेलं नसतं, तेव्हा ते चालतं, असा निर्णय मी दिला आणि आगटीशी बसलो. रखमा म्हणाली, "शास्तर चांगलं हाय की मंग." 

पुण्यात हुरडा म्हणून जो विकायला येतो तो हुरडा नव्हे, एवढंच सांगतो. दाण्यात दूध असतं आणि धुराचा वास असतो, आणि दुसऱ्याने चोळून दिलेला जास्त गोड लागतो. रखमा चोळत होती आणि मी खात होतो. व्रताची आठवण झाली नाही. तिच्या हाताला राख लागली होती, ती दाण्यांवर आली, तीही खाल्ली.

मग माळ्यावर चढायला गेलो. पायऱ्या म्हणजे नुसती आडवी बांधलेली लाकडं. शेवटच्या लाकडावर पाय घसरायला लागला आणि मी लोंबकळलो. ठकीने हात पुढे केला, आणि अर्ध्यातच थांबवला.

"शिवलं तर चालेल?"

"आता चालेल," मी म्हणालो.

"काल का नाही?"

"काल सोवळ्यात होतो."

तिने विचार केला. मी लोंबकळतच होतो. मग तिने माझं मनगट धरलं आणि ओढलं. हात खरखरीत होता, गोफणीने घट्टे पडलेला, आणि गरम. पाच-सहा वर्षांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता, न्हाव्याचा सोडला तर.

आम्ही वर बसलो. तिने मला गोफण शिकवली. माझा पहिला दगड पुढे जायच्याऐवजी मागे गेला आणि खाली रखमाच्या पाण्याच्या मडक्यावर बसला. मडकं फुटलं. ठकी इतकी हसली की माळा हलायला लागला. रखमा खालून काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, पण पंडितांच्या सभेतही मला इतकं मोकळं कुणी बोललं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर ती विचारायला लागली. पुण्यात पाखरं कोण राखतं? मी म्हटलं तिथं शेत नाही. मग तुम्ही दिवसभर काय करता? शिकवतो. आणि मी काय करू? मी सांगायला लागलो: दिवाळीला पर्वतीवर दिवे लागतात, रस्त्याने हत्ती जातो, हौदावर बायका येतात. ती लक्ष देऊन ऐकत होती. हत्तीचं दोनदा सांगायला लावलं.

"तिथं मामी आहे का?" 

शेजारच्या काकू आहेत म्हणालो. तिने मान डोलावली, दगड घेतला आणि गोफण फिरवली. पाखरं परत आली होती.

ओसरी

संध्याकाळी ओसरीवर मी केसोपंतांना घरची सगळी व्यवस्था सांगत होतो. शेजारच्या काकू विधवा, वागायला कडक पण मनाने चांगल्या; दिवसभर पोर त्यांच्याकडे राहील. दुपारी पाठशाळेतून मी येईन. स्तोत्रं शिकवीन, अक्षर शिकवीन. मुलींना कोण शिकवतो? मी शिकवीन. केसोपंत हो हो म्हणत होते. तुमची लेक, तुम्ही न्या, आम्ही कोण आडवे येणार, असं त्यांनी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा आवाज फाटला.

वहिनी दारात उभ्या होत्या. ठकीचं बोचकं त्यांनीच बांधून ठेवलं होतं. खणाचा परकर रातोरात शिवून त्यात घातला होता.

"शास्त्रीबुवा, मला अक्षर येत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं सांगा. सकाळी तुम्ही सोवळ्यात. दुपारी पाठशाळेत. संध्याकाळी पुन्हा सोवळ्यात. शेजारच्या काकूही सोवळ्यातल्या. त्या घरात पोरीनं शिवायचं कुणाला?"

केसोपंत रागावले. कुणापुढे बोलतेस कळतं का, म्हणाले. त्या आत गेल्या. मी म्हणालो, बोलू द्या.

सभेत मला कुणी प्रश्न टाकला की उत्तर जिभेवर तयार असतं. माझं नाव त्यावरच आहे. इथं मी उत्तर शोधलं आणि एक सापडलंही. व्रत सोडता येतं. उद्यापासून सोवळं ढिलं केलं, पेठ चार दिवस बोलेल, मग गप्प बसेल. पण पुढचं पाऊल टाकलं की ते उत्तर तुटायचं. मुकटा उतरवून ठेवला तरी घरात माणूस थोडंच येणार होतं? मी पाठशाळेत, आणि ती खिडकीशी बसून हत्तीची वाट पाहत. इथं ती सकाळी उठते तेव्हापासून निजेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागलेली असते: मामीच्या, रखमाच्या, वासराच्या. मला तिची दोन वर्षं हवी होती. ती मला मिळाली असती. तिला काय मिळालं असतं ते मी कितीतरी वेळ ओसरीवर बसून मोजून पाहिलं, तर दिवाळीचे दिवे आणि तो एक हत्ती, याच्यापुढे गाडी जाईना.

दुसऱ्या लग्नाचंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पेठेतून सांगून येतं. पण कुणाची लेक मी आणायची ती माझ्या लेकीला सोबत म्हणून, हे मला शोभेना.

निघताना

सकाळी मुहूर्त साधून गाडी जुंपली. बोचकं गाडीत ठेवलेलं होतं. मी केसोपंतांना बाजूला घेतलं आणि ते उतरवून ठेवा म्हणालो. तिचं लग्न इथूनच करा, कन्यादानाला तुम्ही दोघं बसा, मी येईन, असंही सांगितलं. एका वाक्यात सांगून टाकलं, कारण दुसरं वाक्य आलं नसतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि धरून ठेवले.

वहिनींनी आत जाऊन पाट मांडले: एक केसोपंतांचा, एक ठकीचा, आणि त्या दोघांच्या मध्ये एक. मी धोतरावरच होतो. जाऊन बसलो. ऊन ऊन भात, पिठलं, वर तूप. त्यांनी तूप जरा जास्तच वाढलं. मी पुरे म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. मीठ कमी होतं. मी ते सांगितलं नाही. जेवताना ठकीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. पिठलं संपवण्यात ती गुंग होती.

गाडीशी सगळे आले. आपलं बोचकं ओसरीवर परत आलेलं ठकीने पाहिलं. मामीने तिला सांगितलं की तू इथंच राहणार आहेस, पुण्याचे एकटेच जाणार. तिला हायसं वाटलं, हे तोंडावर दिसलं. लपवायचं वय नव्हतं. मग ती गाडीच्या चाकापाशी येऊन उभी राहिली आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही आला होता कशाला?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. केसोपंत बैलांचं जू उगाच तपासायला लागले.

"हुरडा खायला," मी म्हणालो.

तिला ते पटलं. माणसाने पुण्याहून यावं असं त्यात काही आहे, हे तिला मान्य होतं. पण तिचा चेहरा जरा गंभीर झाला, जसा माझा शिष्य चुकला की माझा होतो.

"मग असं माघात येऊ नये," ती म्हणाली. "दाणा निबर होतो. पौषात यावं."

पौषात आम्ही शास्त्री लोक कुठल्याही शुभकार्याला घराबाहेर पडत नाही, पण हुरडा खायला जायचं म्हटलं तर कुठलं शास्त्र आडवं येतं असं माझ्या वाचनात नाही. पौषात येतो, असं मी तिला सांगितलं, आणि गाडी निघाली.